वीस टिक डावीकडे

आमुंदला रायफल घ्यायची होती ती एकच. दोन घ्यायची ऐपत नव्हती, आणि असती तरी घरात दुसरं पोलादी कपाट ठेवायला सोल्फ्रिदने, म्हणजे त्याच्या बायकोने, जागा दिली नसती. उन्हाळाभर चांदमारीवरच्या स्पर्धा आणि सप्टेंबर संपता संपता मूस हरणांची शिकार, या दोन्हींना पुरेल अशी एक. नॉर्वेच्या पूर्वेकडच्या त्या खोऱ्यात ही काही मोठी मागणी नव्हती. पण बेचाळिसाव्या वर्षी पहिली रायफल घेणारा माणूस तिथे तो एकटाच असावा, आणि दुकानदाराला हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

त्याचे वडील रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या टोळीत होते. जमीन नाही, जंगल नाही. आणि जंगल ज्याचं त्याचाच मूस. आमुंद शाळेची बस चालवायचा, हिवाळ्यात त्याच रस्त्यांवरचा बर्फ बाजूला काढायचा. अकरा वर्षं तो शिकारीला जात होता तो रिकाम्या हाताने. कुत्र्यांच्या मागून ओली झुडपं तुडवत, हाळ्या देत, जागेवर बसलेल्या बंदूकवाल्यांकडे मूस हाकायचं काम त्याचं. संध्याकाळी त्यालाही मांस मिळायचं, पण वाटणीत नाव नसायचं. पिशवीत घालून कुणीतरी हातात द्यायचं.

मग एका वसंतात गुनवोरच्या गटातला एक जण ओस्लोला राहायला गेला. गुनवोर गटाची प्रमुख. साठीला टेकलेली, चाळीस गाई सांभाळणारी, लाकूड फोडावं तसं बोलणारी. तिने बसच्या काचेवर टकटक केली.

"एक जागा रिकामी झालीय. येतोस?"

"येतो."

"रायफल आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की," आमुंद म्हणाला.

नव्हती. हे खोटं इतकं सहज तोंडातून गेलं की बस वळणावर आली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

आमुंद रायफल बघतोय हे गटातल्या रोआरला कळलं. रोआर लाकडाच्या गिरणीचा मालक. त्याची रायफल तीन-तीन-आठच्या मापाची, काडतूस हाताच्या मधल्या बोटाएवढं. "हे घे," रोआर म्हणाला. "मूस पडतो, आणि त्याच्या मागचं झाडही पडतं. साडेसहा मिलिमीटर-बिलिमीटरच्या नादी लागू नकोस. ती चिमण्यांना." चांदमारीवर त्याने ती आमुंदच्या हातात दिली. आमुंदने तीन गोळ्या मारल्या. पहिलीने खांदा सुन्न झाला, दुसरीने डोळ्यांत पाणी आलं. तिसरी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही.

"भारी आहे," आमुंद म्हणाला. "मजा आली."

बाकावर बसलेला एक म्हातारा उठला आणि त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत आला. हा एम्ब्रेत. शहात्तर वर्षांचा, आयुष्यभर जंगलात तोडलेल्या ओंडक्यांची मापं घेतलेला, गुनवोरच्याच गटातला. गाडीपाशी आल्यावर तो म्हणाला, "डोळे मिटलेस तू."

"कधी?"

"तिसऱ्या गोळीला. दोन्ही."

आमुंदने गाडीचं दार उघडलं.

"खांदा दुखला त्याची लाज नाही रे. दुखला असताना मजा आली म्हणतोस, त्याची वाटू दे. ये घरी, कॉफी टाकतो."

एम्ब्रेतच्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या टेबलावर, काडतुसं भरायचं त्याचं हत्यार शिवणयंत्रासारखं घट्ट बसवलेलं होतं. त्याने आमुंदपुढे पाव, तपकिरी चीज आणि चार काडतुसं ठेवली, आणि चीज कापता कापता हिशेब सांगितला. तू वर्षाला मूसवर किती गोळ्या मारणार? दोन. फार तर तीन. आणि चांदमारीवर? हजार. मग रायफल कुणासाठी घ्यायची, त्या तिनांसाठी की हजारांसाठी? जी हजार वेळा मारून खांदा दुखत नाही, जिचं काडतूस नेमबाजी मंडळातून निम्म्या भावात मिळतं, आणि जिची गोळी कायद्याने मूसला चालते, ती घे. साडेसहा. "मूस तुझ्या काडतुसाचा आकडा वाचत नाही. गोळी जागेवर लागली की तो पडतो. शिकारीची काडतुसं मी भरून देईन, माझ्याच डब्यातली. माझीही साडेसहाच आहे."

"आणि रोआर हसला तर?"

"रोआर स्वतःच्या लग्नातही हसला होता. सगळे रडत होते तेव्हा."

दोन आठवड्यांनी एम्ब्रेतनेच मंडळातल्या एकाकडून जुनी साडेसहा मिळवून दिली. दस्त्यावर ओरखडे होते, नळी मात्र आरशासारखी. दुर्बिणीवर दोन कळा, एक माथ्यावर, एक उजव्या बाजूला. माथ्यावरची अंतरासाठी, बाजूची वाऱ्यासाठी. एक टिक फिरवली की शंभर मीटरवर गोळी एक सेंटिमीटर सरकते. नवीन रायफलीच्या पाव किमतीत हे सगळं आलं. एम्ब्रेतने तेव्हा एकच गोष्ट दोनदा सांगितली. दोन रायफली बाळगणाऱ्यांना हे काम नसतं, पण तुला आहे. स्पर्धेहून जंगलात जाताना दोन्ही कळा हाताने चाचपून बघायच्या.

पहिल्या वर्षी आमुंदला मूस दिसलाच नाही. दुसऱ्या वर्षी, जूनमध्ये, शिकारीआधी दरवर्षी द्यायची नेमबाजीची परीक्षा त्याने एका फेरीत दिली. शंभर मीटर, मूसचं कागदी चित्र, पाचही गोळ्या वर्तुळात. चारचौघांसमोर रोआर म्हणाला, "चिमणी मेली रे." पण आमुंदला ते लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट येत होती, आणि ती येते हे लोकांना दिसत होतं.

त्या वर्षी शरदातली शेवटची स्पर्धा रविवारी होती आणि शिकार सोमवारी सुरू व्हायची होती. नदीकाठच्या उघड्या कुरणात शेवटचं लक्ष्य साडेचारशे मीटरवर उभं केलेलं. वारा डावीकडून, गवत आडवं पाडणारा. बाकीच्यांनी बारा-पंधरा टिक फिरवल्या. आमुंदने गवताकडे बघितलं, नदीवरच्या लाटांकडे बघितलं, आणि वीस फिरवल्या, डावीकडे. सहाच्या सहा गोळ्या बसल्या. तो तिसरा आला. तालुक्यातल्या एकशे दहा माणसांत तिसरा. रायफल पेटीत ठेवताना त्याने माथ्यावरची कळ शून्यावर आणली, आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "आमुंद, ये, पेपरवाला फोटो काढतोय!" तो धावतच गेला. परत आल्यावर लोकांनी पाठीवर थापा मारल्या. रोआरसुद्धा म्हणाला, "काय रे, वाऱ्याशी लग्न लावलंस काय?" पेटी बंद झाली. रात्री कपाटाला कुलूप लावताना तो चषक कुठे ठेवायचा याचा विचार करत होता.

सोमवारी सकाळी वारा पडला होता. दलदलीवर पातळ धुकं, स्प्रूसच्या झाडांच्या शेंड्यांवरून थेंब गळत होते. आमुंदची जागा दलदलीच्या दक्षिण कडेला, आणि त्याच्या उजव्या हाताला, दोनशे पावलांवर, एम्ब्रेतची. लांबून कुत्र्याचं भुंकणं आलं, मग थांबलं. आणि समोर, एकशे तीस मीटरवर, बर्चच्या झाडांमधून एक मोठा नर मूस बाहेर आला. उजवीकडे तोंड करून आडवा उभा राहिला, जणू चित्रातला.

आमुंदने खांद्यामागे नेम धरला. डोळे उघडे होते. चाप ओढला.

मूस दचकला, पाठ वाकवून क्षणभर थरथरला, आणि उजवीकडे पळत सुटला. एम्ब्रेतच्या जागेवरून दुसरी गोळी सुटली. मूस तसाच पळत पलीकडच्या दाट झाडीत शिरला. पाणी उडालेलं खाली बसलं. मग काहीच नाही.

गुनवोर आली, तिने दलदलीवर वाकून बघितलं. शेवाळावर हिरवट पाणी आणि चघळलेली पानं. "पोटात," ती म्हणाली. "थांबा सगळे. आता बसायचं, मागे लागलो तर तो लांब पळेल." तीन तास थांबल्यावर तिने कुत्र्याला दोरी लावली. मूस सापडला तो दुपारी, चार किलोमीटरवर, ओढ्याकाठी बसलेला. माणसं आली तेव्हा त्याने मान वळवून एकेकाकडे बघितलं. उठायचा प्रयत्न केला नाही. गुनवोरने मानेत एक गोळी घातली. आमुंद ओढ्यात उतरला आणि बराच वेळ बूट धूत राहिला.

सोलायच्या शेडमध्ये दार उघडं ठेवलं तरी वास जाईना. गुनवोरच्या एका गोळीखेरीज अंगावर एकच भोक होतं, पोटात, उजव्या बाजूला. दुसऱ्या अंगाच्या कातडीखालून गुनवोरने गोळी काढली आणि पाण्यात खळबळून टेबलावर टाकली.

"साडेसहा," रोआर म्हणाला. "आता बोला. दोन चिमण्यावाले आणि एक भोक."

"दोघांची काडतुसं एकाच डब्यातली," गुनवोर म्हणाली. "कुणाची ते गोळी सांगणार नाही."

एम्ब्रेतने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझीच आहे. आमुंदने उभ्यावर मारली, ती वरून किंवा खालून गेली असेल, घाईत जाते कधीकधी. मी मारली पळत्यावर. नेम पुढे धरायला हवा होता, नाही धरला. पळत्यावर मारायचं नाही हे मीच पोरांना शिकवतो." त्याने चष्म्याला बोट लावलं. "हल्ली संध्याकाळचं वाचताना अक्षरं पुसट होतात. मी कुणाला बोललो नव्हतो."

रोआर दाराशी जाऊन उभा राहिला. आणि आमुंदला, त्या वासात, आधी काय वाटलं असेल तर हायसं वाटलं. माझी नाही. माझी चुकली, पण लागली तर नाही. छातीवरून काहीतरी उतरलं, आणि त्याने सुरी उचलून कामाला सुरुवात केली.

सहा वाजता, घराच्या पायरीवर रायफल पुसायला बसला तेव्हा त्याचा अंगठा बाजूच्या कळीवर गेला. पांढरी रेघ जिथे असायला हवी तिथे नव्हती. त्याने कळ हळूच फिरवली. टिक. टिक. तोंडातल्या तोंडात मोजत गेला. विसाव्या टिकेला रेघ शून्यावर आली.

शंभर मीटरवर वीस सेंटिमीटर. एकशे तीसवर सव्वीस. खांद्यामागून डावीकडे सव्वीस सेंटिमीटर. त्याने स्वतःच्या बरगड्यांवर हाताने माप धरलं. आतून सोल्फ्रिदने हाक मारली, जेवण गार होतंय. तो म्हणाला, आलो. आणि बसून राहिला.

आता उठून फोन करायचा, एवढंच होतं. पण फोन करायचा म्हणजे गुनवोरला सांगायचं, की कालच्या चषकाच्या टिका मी परत फिरवल्या नाहीत. दहा वर्षांचं पोर करणार नाही अशी चूक. मग रोआर. मग पेट्रोल पंपावर, मग बसथांब्यावर. रूळवाल्याच्या पोराला जागा दिली तर बघा. उद्या करू, त्याने ठरवलं. उद्या सकाळी जंगलात, एम्ब्रेतसमोरच सांगू.

मंगळवारी एम्ब्रेत आलाच नाही. त्याने गुनवोरला फोन करून सांगितलं होतं की यंदा माझं झालं. "आणि पुढच्या वर्षीचंही म्हणाला," गुनवोर म्हणाली, आणि वळून कुत्र्याची दोरी सोडू लागली. आमुंद तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. तोंड उघडलंही. मग रोआर आला, आणि जागा वाटायला सुरुवात झाली.

गुरुवारी आमुंदच्या समोर एक पाडस आलं. गोळी जिथे जायला हवी तिथेच गेली, पाडस दोन पावलांत पडलं. रोआरने त्याचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "मानलं. साडेसहाला नावं ठेवणार नाही. रायफलीत काही नाही, डोळ्यांत असतं सगळं. बिचारा एम्ब्रेत." त्या संध्याकाळी वाटणीत पहिल्यांदा गुनवोरने मोठ्याने त्याचं नाव घेतलं. अकरा वर्षं जे ऐकायची त्याला हौस होती ते ऐकताना त्याला वाटलं, कुणी दुसऱ्याच आमुंदला बोलावतंय. सोल्फ्रिदने ते मांस शिजवलं. त्याने नुसते बटाटे खाल्ले.

"काय झालंय तुला?" तिने विचारलं.

"काही नाही. दाढ दुखतेय."

पुढच्या बुधवारी दूध आणायला तो दुकानात गेला. दाराजवळच्या फळीवर, हरवलेल्या मांजराच्या आणि वापरलेल्या टायरांच्या चिठ्ठ्यांमध्ये, मापं लिहून लिहून वळण लागलेल्या, सरळ उभ्या अक्षरांत एक नवी चिठ्ठी होती. विकणे आहे. साडेसहा, जुनी, नीट सांभाळलेली. चांदमारी आणि जंगल दोन्हीला चालते. नवशिक्याला परवडेल. दोष डोळ्यांचा आहे, रायफलीचा नाही. खाली एम्ब्रेतचं नाव आणि फोन.

आमुंदने इकडेतिकडे बघितलं, टाचणी काढली, आणि चिठ्ठी मुठीत घेऊन बाहेर पडला. दूध विसरला.

एम्ब्रेत घरातच होता. टेबलावर काडतुसं भरायचं हत्यार नव्हतं. लाकडावर स्क्रूची चार भोकं तेवढी दिसत होती.

"घेणार आहेस की काय?" चिठ्ठी बघून त्याने विचारलं. "तुझ्याकडे आहे की."

"माझी गोळी होती," आमुंद म्हणाला. बसलाही नाही. "पोटातली. बाजूची कळ वीसवर राहिली होती, रविवारपासून. मी त्याच संध्याकाळी बघितलं."

एम्ब्रेतने त्याच्याकडे बघितलं. मग त्याचा चेहरा मऊ झाला, आणि आमुंदला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

"बस," एम्ब्रेत म्हणाला. "चांगला आहेस तू. पण हे नको करूस."

"काय?"

"म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून आपल्या अंगावर ओढून घ्यायचं. सोल्फ्रिदने पाठवलं का तुला?"

"अरे खरं सांगतोय! वीस टिक. डावीकडे. सव्वीस सेंटिमीटर होतात एकशे तीसवर, तूच कर हिशेब."

"हिशेब मलाही येतो. दाखव कळ."

"आता… मी शून्यावर आणली."

"हं."

"मोजत आणली. त्याच संध्याकाळी."

"आणि नऊ दिवस गप्प बसलास. गुरुवारी पाडस मारलंस, गप्प. रोआरने हात हलवला म्हणे, तेव्हाही गप्प." एम्ब्रेतने मान हलवली. "तसा माणूस मी ओळखत नाही. मी ज्याला रायफल घेऊन दिली तो तसा नाही. म्हणून सांगतो, खोटं बोलू नकोस. चिठ्ठी होती तिथे परत लाव."

आमुंद बाहेर पडला. मी तसाच आहे, हे त्याला म्हणता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठी परत लावली. तीच टाचणी, तेच भोक. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, "पत्ता लिहून घेतला होतास का?" तो हो म्हणाला.

सकाळची फेरी नऊला संपायची आणि मुलांना परत सोडायची फेरी एकला. मधले चार तास आता तो दलदलीवर जाऊ लागला. मूसच्या अंगात एकच गोळी होती. ती आपली असेल तर एम्ब्रेतची कुठेतरी असणारच. पाण्यात गेली असेल तर संपलं, झाडात गेली असेल तर सापडेल. एम्ब्रेतच्या जागेवर त्याने लाल कापड बांधलं, मूस जिथून पळाला तिथे बर्चच्या काठ्या रोवल्या, आणि त्यापलीकडचं प्रत्येक खोड हाताने चाचपत गेला. गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत, साल बोटांनी दाबत. सुतारपक्ष्याची भोकं, फांद्यांच्या गाठी, जुन्या कुऱ्हाडीचे घाव. बूट भरायचे. बसमध्ये चिखलाचा वास यायचा, मुलं नाक दाबायची. "आमुंद, तू काय दलदलीत झोपतोस का?" एका मुलीने विचारलं, आणि सगळी बस हसली.

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी, कडेपासून आत चाळीस पावलांवर, उंचवट्यावरच्या एका वाळलेल्या पाइनच्या खोडात, त्याच्या हनुवटीच्या उंचीवर एक भोक होतं. कडा ताज्या, लाकूड पिवळंधमक. त्याने काडी घातली. ती लाल कापडाच्या दिशेला बोट करून उभी राहिली.

त्याच्याकडे करवत होती. गोळी काढून खिशात घालून एम्ब्रेतकडे नेता आली असती. पण खिशातून काढलेली गोळी म्हणजे पुन्हा त्याचा शब्दच. तो तिथेच, ओल्या शेवाळावर बसला आणि त्याने गुनवोरला फोन लावला.

"शनिवारी सगळ्यांना दलदलीवर आण," तो म्हणाला. "एम्ब्रेतलाही. तो येणार नाही म्हणेल. तरी आण."

"कशाला?"

त्याने सांगितलं. फोनवर गाईंचा आवाज येत होता.

"आणि हे तू आज सांगतोयस," गुनवोर म्हणाली.

"हो."

"आणते," ती म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. तिने फोन ठेवला.

शनिवारी ते सात जण आले. सकाळची थंडी होती, दलदलीच्या कडेला बर्फाचा पापुद्रा. एम्ब्रेत गुनवोरच्या मागे काठी टेकत आला. त्याने कुणाकडे बघितलं नाही. रोआर खोडापाशी गेला, भोकात काडी घातली, वाकून तिच्यावरून लाल कापडाकडे बघितलं. मग तसाच वाकलेला राहिला, कारण उठला की काहीतरी बोलावं लागलं असतं.

"रेघ सरळ आहे," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे ही एम्ब्रेतची. मग पोटातली…"

"माझी," आमुंद म्हणाला.

"मोठ्याने बोल," एम्ब्रेत म्हणाला. "मला या बाजूने ऐकू येत नाही."

"माझी होती. बाजूची कळ वीसवर होती, डावीकडे. स्पर्धेनंतर परत आणली नाही. फोटो काढायला पळालो."  एवढ्यावर थांबता आलं असतं. चूक ती चूक, कुणाकडूनही होते. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि रोआरच्या चेहऱ्यावर तसंच काहीतरी होतं, की ठीक आहे, झालं. "आणि हे मला त्याच दिवशी सहा वाजता कळलं. एम्ब्रेतने स्वतःवर घेतलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. नंतर कळलं तरी मी तसंच राहू दिलं. एकोणीस दिवस."

दूर कुठेतरी कावळा ओरडला. एम्ब्रेत खोडापाशी गेला, हातमोज्यातून हात काढला, भोकावर बोट ठेवलं. मग त्याच उंचीवर हात धरून मागे वळला आणि काठ्यांकडे बघितलं, जिथून मूस पळाला होता.

"पाठीवरून गेली," तो म्हणाला. "चांगली दोन वीत वरून. साफ चुकली." त्याच्या आवाजात इतका आनंद होता की रोआरला हसू आलं आणि त्याने खोकला काढला.

"आंधळा आहेसच तू," रोआर म्हणाला. "दोन वीत!"

"अरे, पळता होता! तू मार बरं पळत्यावर, तुझ्या त्या तोफेने. डोळे उघडे ठेवून." मग एम्ब्रेत गुनवोरकडे वळला. "माझी जागा पुढच्या वर्षी हीच. दुकानातली चिठ्ठी मी जाऊन काढतो." आमुंद पुढे सरकला तसा त्याने काठी आडवी धरली. "तू हात लावू नकोस. मीच काढणार."

गुनवोरने आमुंदला सांगितलं ते सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. "पुढच्या शिकारीला तू कुत्र्यांबरोबर. रायफल घरी. त्याच्या पुढच्या वर्षीचं तेव्हा बघू."

"हो," आमुंद म्हणाला.

"वाटणीत नाव राहील. ते काढत नाही मी."

त्याला वाटलं, तेही काढलं असतं तर सोपं गेलं असतं.

एम्ब्रेतला ती गोळी हवी होती. आमुंदने करवत लावली. वाळलेलं लाकूड चिवट होतं, वेळ लागला. बाकीचे एकेक करून कडेकडेने परत निघाले. रोआरने म्हाताऱ्याला हात दिला, आणि त्यांचं भांडण झाडांमधून बराच वेळ ऐकू येत राहिलं, दोन वीत की दीड. गोळी निघाली तेव्हा हाक मारण्याच्या अंतरावर कुणी नव्हतं. त्याने ती रुमालात बांधली. उद्या ती एम्ब्रेतच्या दारात नेऊन द्यायची होती, आणि दार उघडेल तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं होतं. आमुंद शेवाळाच्या मुठीने करवतीचं पातं पुसू लागला. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी तो पुसत राहिला.